न झालेल्या अपघाताचे पैसे

आमच्या गाडीचा विमा मे महिन्यात संपतो आणि ही बातमी आम्हाला मार्चमध्येच कळवली जाते. गाडी नानांच्या नावावर, मोबाइल नंबर माझा आणि ई-मेल बायकोचा, अशी आमच्याकडे त्रिस्थळी व्यवस्था असल्यामुळे घरातलं कुणीच सुटत नाही. "सर, आपली पॉलिसी एक्स्पायर होते आहे," हे पलीकडची मुलगी इतक्या हळुवार आवाजात सांगते, की मी फोन ठेवल्यावर नानांनी पेपर खाली घेऊन विचारलं, "कोण गेलं?"

तिथून पुढे रोज फोन. मीटिंगमध्ये, अंघोळीला जाताना, एकदा तर ऐन लग्नात अक्षता टाकताना. बरं, प्रत्येक फोनला भाव वेगळा. सकाळच्या आकड्यावर "विचार करून सांगतो" म्हटलं, की दुपारी तीच मुलगी तोच विमा सातशे रुपयांनी स्वस्त देते. संध्याकाळी तिचे मॅनेजर बोलतात आणि "फक्त तुमच्यासाठी" आणखी थोडे खाली उतरतात. नानांची हयात मंडईत घासाघीस करण्यात गेलेली. त्यांनी सल्ला दिला, "आता जूनपर्यंत फोन उचलूच नकोस. फुकट देतील."

असं केलं तर विमा तुटतो, आणि तुटल्यावर 90 दिवस तसाच राहिला तर आजवर साठवलेला नो क्लेम बोनसही जातो, हे मी त्यांना समजावलं. बोनस म्हटल्याबरोबर नाना खुर्चीत ताठ बसले. सरकारी नोकरीत उभा जन्म काढलेला माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी विमेवाले काका आमच्या दिवाणखान्यात हजर होते.

विमेवाले काका म्हणजे नानांचे जुने एजंट. आजकाल विमा मोबाइलवर दोन मिनिटांत निघतो. काकांना दीड तास लागतो. पण त्या दीड तासात पोहे होतात, चहा होतो, कुणाचं ऑपरेशन झालं आणि कुणाचा मुलगा कॅनडाहून परत आला ते कळतं, आणि मुख्य म्हणजे विम्याला शिव्या द्यायला समोर एक हाडामासाचा माणूस मिळतो. मोबाइलला शिव्या देऊन नानांचं समाधान होत नाही.

काकांनी पिशवीतून मोठ्या बटणांचा कॅल्क्युलेटर काढला. "हप्त्याचे दोन भाग," ते म्हणाले. "एक थर्ड पार्टी. हा सक्तीचा. याचा दर सरकार ठरवतं, त्यात मी काही करू शकत नाही. जून 2022 मध्ये ठरलेला दर बघा. हजार सीसीपर्यंत 2,094 रुपये, हजार ते दीड हजार सीसी 3,416 आणि त्याच्या वर 7,897. आपली गाडी मधली."

"थर्ड पार्टी म्हणजे आपण कुणाला ठोकलं तर त्याला मिळणार?"

"बरोबर."

"म्हणजे मी भरायचं आणि घ्यायचं त्यानं."

"पण तो तुमच्यासाठी भरतोच ना, नाना."

"तो भरतो का?"

काकांनी पोह्यांतला शेंगदाणा बाजूला केला. "भरायला हवं," ते म्हणाले.

नानांनी थोडा वेळ विचार केला. "त्यापेक्षा त्यानं त्याचे भरावेत, मी माझे भरतो. उगाच पैसे एवढे फिरवायचे कशाला?"

या प्रश्नाला 1988 च्या मोटार वाहन कायद्यात उत्तर असेल, काकांकडे नव्हतं. ते दुसऱ्या भागाकडे वळले. ओन डॅमेज. म्हणजे आपल्याच गाडीचं नुकसान. इथे म्हणे गाडी कुठे नोंदलेली आहे तेही बघतात. 2002 साली जो मोटार टॅरिफ आला, त्यात मोटारींसाठी सगळ्या भारताचे दोनच भाग केले होते. अ विभागात अहमदाबाद, बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे. उरलेला भारत ब विभागात.

नानांनी डिश टीपॉयवर ठेवली. "पुणे अ मध्ये?"

"अ मध्ये."

"मुंबईच्या बरोबरीनं?"

"हो."

"नागपूर?"

"ब."

"नाशिक?"

"ब."

"कोल्हापूर?"

"तेही ब."

नानांनी शांतपणे पोह्यांवर लिंबू पिळलं. अ विभागाला हप्ता जास्त पडतो, हे काकांनी दोनदा सांगितलं. नाना म्हणाले, "पडू दे." पैसे जास्त जाणार हे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलेलं मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं.

ते समाधान आयडीव्हीपर्यंत टिकलं. आयडीव्ही म्हणजे विम्याच्या दृष्टीनं गाडीची आजची किंमत. गाडी शोरूमबाहेर पडली की तिची किंमत उतरायला लागते. सहा महिन्यांत 5 टक्के, वर्षाच्या आत 15, मग 20, 30, 40 आणि पाचव्या वर्षात थेट निम्मी. आमच्या गाडीला चार वर्षं झालेली. काकांनी निम्मा आकडा सांगितला तेव्हा नानांना घरच्या माणसाचा अपमान झाल्यासारखं वाटलं. "अहो, अजून आतलं प्लॅस्टिक काढलेलं नाही!" ते म्हणाले, आणि ते खरं होतं. आयडीव्ही वाढवली की हप्ताही वाढतो, असं काकांनी सांगताच मात्र ते लगेच म्हणाले, "तशी जुनीच झालीय म्हणा आता." तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका साखर मागायला आले. नानांनी आवाज खाली आणला. गाडी निम्म्या किमतीची आहे हे विमा कंपनीला कळलेलं चालेल, तिसऱ्या मजल्याला नको.

मग मालक-चालकाचा अपघाती विमा. "गाडीच्या मालकाचं काही बरंवाईट झालं तर घरच्यांना 15 लाख," काका म्हणाले. बायको चहा घेऊन येत होती. "कुणाचं?" तिनं विचारलं. क्षणभर आम्ही सगळे नानांकडे न बघण्याचा आटोकाट प्रयत्न करत होतो. नाना म्हणाले, "पंधरा? एवढ्यात हल्ली वन बीएचके तरी येतो का?"

त्यानंतर जोडविमे. झीरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, किल्ली हरवली तर, टायर फुटला तर. कन्झ्युमेबल्स म्हणजे काय, तर नट, बोल्ट, ऑइल, ग्रीस यांचे वेगळे पैसे. "म्हणजे मूळ विम्यात गाडी धरतात आणि गाडी ज्या नट-बोल्टांवर उभी आहे ते धरत नाहीत?" नानांनी विचारलं. काकांनी टिकमार्क केला. या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे आपल्यावर संकट येईल की काय, या काळजीवरही कर.

आता नाना सवलतींकडे वळले. टॅरिफमध्येच काही सवलती आहेत. एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेनं मान्य केलेलं चोरीविरोधी यंत्र बसवलं तर ओन डॅमेजवर अडीच टक्के, जास्तीत जास्त 500 रुपये. मोटारवाल्यांच्या मान्यताप्राप्त संघटनेचं सभासदत्व असेल तर 5 टक्के, जास्तीत जास्त 200.

"आणि मी पट्टा बांधतो. त्याचे किती?"

काकांनी कॅल्क्युलेटर खाली ठेवला. इतक्या वर्षांच्या धंद्यात हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "पट्ट्याचं काही नसतं, नाना."

"काही नसतं म्हणजे?"

"फॉर्ममध्ये तसा रकानाच नाही."

"म्हणजे संघटनेची पावती फाडली की दोनशे, आणि पुण्याहून साताऱ्यापर्यंत छाती आवळून बसलं की शून्य?"

"तसंच म्हणायचं."

"मग बांधायचा कशाला?"

इथे नानांच्या "मी पट्टा बांधतो" या विधानाबद्दल थोडं सांगायला हवं. नाना पट्टा बांधत नाहीत, धरतात. चौक जवळ आला, की पुढच्या सीटवर बसलेले नाना डाव्या खांद्यावरून पट्टा ओढतात, छातीवरून आडवा आणतात आणि उजव्या कमरेशी मुठीत गच्च धरून ठेवतात. चेहऱ्यावर कायदा पाळणाऱ्या नागरिकाचं तेज. पोलीस मागे पडला की मूठ सुटते आणि पट्टा सर्रकन आत जातो. "बकलमध्येच का घालत नाही?" असं मी विचारलं होतं. "परत काढावा लागतो," ते म्हणाले.

हा तीन ठिकाणी अडकणारा पट्टा 1959 साली व्होल्वोच्या नील्स बोलिन या स्वीडिश इंजिनिअरनं तयार केला. त्याआधी हा गृहस्थ साब कंपनीत लढाऊ विमानांच्या त्या सीटांवर काम करत असे, ज्या वेळ आली की वैमानिकाला विमानाबाहेर फेकतात. आधी माणसाला सीटसकट बाहेर कसं फेकायचं ते तो शिकला आणि मग सीटला जखडून कसं ठेवायचं ते. पट्टा एका हातानं लावता आला पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. व्होल्वोनं पेटंट सगळ्या जगाला मोकळं करून दिलं. एकूण प्रकरण उदात्त. फक्त बोलिननं आमची आत्या पाहिलेली नव्हती.

आत्या मागे बसते. पट्टा पुढच्यांनी लावायचा असतो आणि मागच्यांनी पुढच्यांना "हळू चालव" म्हणायचं असतं, अशी आपल्याकडे पूर्वीपासून वाटणी आहे. 2022 च्या सप्टेंबरात पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला, ते मागच्या सीटवर होते, आणि मागच्या सीटलाही पट्टे असतात याचा आपल्या सर्वांना एकदम शोध लागला. नियम आधीपासून होताच. मुंबई पोलिसांनी 1 नोव्हेंबर 2022 पासून गाडीतल्या प्रत्येकाला पट्टा लावा म्हणून बजावलं. आत्या म्हणाली, "ते मुंबईत." पुणे विम्याला मुंबईच्या बरोबरीचं असलं, तरी पट्ट्याला नाही.

साताऱ्याच्या लग्नाला निघालो तेव्हा मी मात्र अडून बसलो. सगळ्यांनी पट्टे लावल्याशिवाय गाडी हलणार नाही. मागे आत्या, मावशी आणि मावसबहीण. पट्टे सापडले, बकलं सापडेनात. सीट खराब होऊ नये म्हणून आम्ही गाडी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी कव्हरं घातली. कव्हर खराब होऊ नये म्हणून त्यावर सोलापुरी टॉवेल. शोरूमचं प्लॅस्टिक होतंच. म्हणजे बकल तीन थरांखाली. मी फटीत मनगटापर्यंत हात घातला. पहिल्यांदा एक रुपयाचं नाणं निघालं. मग सेफ्टी पिन, मग खारवलेला शेंगदाणा, मग मावशीची दोन वर्षांपूर्वी हरवलेली चष्म्याची डबी, जिच्यावरून त्या वेळी कामवाल्या बाईंवर संशय घेऊन झाला होता. शेवटी खोलवर काहीतरी चौकोनी आणि थंड हाताला लागलं. ते बकल होतं, पण कव्हर शिवणाऱ्यानं त्याच्यावरूनही शिलाई मारली होती.

कात्री आणली. शिलाई उसवली. आत्या मध्ये बसलेली आणि आमच्या गाडीत मधल्या माणसाला नुसता कमरेचा पट्टा. तो हातात घेऊन आत्या म्हणाली, "उभ्या जन्मात यांनी सोन्याचा कंबरपट्टा केला नाही, आणि आता हा काळा बांधू?" शिवाय पैठणीची इस्त्री मोडणार. अखेर पट्ट्याखाली घडी केलेली शाल ठेवायची, या अटीवर तह झाला. गाडी निघाली. सगळे पट्टे लावून आमचं कुटुंब खेड शिवापूरपर्यंत पोचलं, हा आमच्या घराण्याचा विक्रम आहे. तिथे चहाला थांबलो तेव्हा मावसबहीण उतरली आणि पाठोपाठ आत्या न उतरता ओढली गेली. हिच्या पट्ट्याची जीभ तिच्या बकलात. लाल बटण कुणाचं ते मावशीच्या पर्सखाली. चहावाला पोऱ्या खिडकीशी ट्रे घेऊन उभा राहून बघत होता. "काकू, इथंच देऊ का?" त्यानं विचारलं.

गाडी स्वतः गप्प बसली असती तर एवढं झालं नसतं. 1 जुलै 2019 पासून निघणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत, चालकानं किंवा शेजारच्यानं पट्टा लावला नाही तर बोंब मारायची सोय सक्तीची झाली. त्याच फर्मानात 80 च्या वर गेलं की अधूनमधून आणि 120 च्या वर गेलं की अखंड टुंगटुंग. सीटखालच्या यंत्राला फक्त वजन कळतं. माणूस आणि हापूस यांतला फरक कळत नाही. मार्केट यार्डातून देवगडची पेटी आणायला गेलो तेव्हा डिकीत उकाड्यानं आंबा खराब होतो म्हणून नानांनी पेटी पुढच्या सीटवर ठेवायला लावली आणि स्वतः मागे आत्याशेजारी बसले. गाडी सुरू होताच टुंग, टुंग, टुंग. मी पेटी हलवून पाहिली, उभी करून पाहिली. शेवटी नानांनीच मागून हात लांबवून पेटीला पट्टा लावला. खट्. शांतता.

स्वारगेटच्या चौकात पोलिसानं खिडकीतून वाकून पाहिलं. पुढे पेटी, नीट बांधलेली. मागे नाना आणि आत्या, दोघंही मोकळे.

"आंब्याला लावलाय," तो म्हणाला, "आणि मावशींना?"

"आंबा नाजूक असतो हो," आत्या म्हणाली.

या टुंगटुंगीवर नानांच्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपनं उपाय शोधून ठेवला होता. नुसती धातूची जीभ मिळते, पट्टा नसलेली. ती बकलात खुपसली की गाडीला वाटतं मालक बांधलेला आहे, आणि मालक मोकळा. म्हणजे गाडी ओरडू नये म्हणून आपण तिच्या तोंडात बोळा कोंबायचा आणि त्यासाठी वर पैसे मोजायचे. या वस्तूचा देशभर इतका खप होता की 2023 च्या मे महिन्यात ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन दुकानांना बडगा दाखवला, तेव्हा तिच्या 13,118 जाहिराती काढून टाकाव्या लागल्या. नानांना वाढदिवसाला भेट मिळालेल्या जिभेवर सोनेरी वाघ होता. बायकोनं ती सोसायटीच्या कचऱ्यात टाकली. मग ती सुक्या डब्यात की ई-कचऱ्यात, यावर व्हॉट्सअॅपवर दोन दिवस चर्चा झाली आणि त्या चर्चेतून कुणाकुणाकडे तसल्या जिभा आहेत ते सगळ्या बिल्डिंगला कळलं.

नानांची धरण्याची कला मात्र मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर संपली. 2024 पासून तिथे कॅमेरे बसलेत. पोलीस दिसतो, त्याच्याकडे बघून पट्टा धरता येतो. कॅमेरा वर कमानीवर असतो आणि त्याला जांभई येत नाही. लोणावळा सोडलं, नानांनी चिक्कीचं पाकीट फोडलं, आणि चार दिवसांनी माझ्या मोबाइलवर चलान आलं. कायद्यात याला 1000 रुपयांपर्यंतची तजवीज आहे. सोबत फोटो. नानांचं तोंड उघडं, चिक्की दातांच्या वाटेवर, पट्टा बाजूला निवांत लोंबतोय. मला वाटलं, आता कॅमेऱ्याच्या कुळाचा उद्धार होणार. नानांनी चष्मा लावून फोटो मोठा केला, पुन्हा लहान केला. "स्वच्छ आलाय हो," ते म्हणाले. "पासपोर्टवाल्याला असा जमला नव्हता. ग्रुपवर टाक." आत्याचं लगेच उत्तर आलं. "दादा, तब्येत छान सुधारली." दंड मी भरला.

तर, पट्ट्याला सूट नाही म्हटल्यावर नानांचा सगळा जीव नो क्लेम बोनसवर एकवटला. क्लेम न करता पहिलं वर्ष काढलं की पुढच्या ओन डॅमेजच्या हप्त्यात 20 टक्के सूट, मग 25, 35, 45 आणि शेवटी 50. आम्ही 45 च्या पायरीवर. इथवर पोचायला काय काय सोसलं ते काकांनाही ठाऊक नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात सोसायटीच्या खांबानं आमच्या गाडीचा डावा कोपरा सोलून काढला. गाडी मीच चालवत होतो, पण आमच्याकडे ही घटना "खांबानं घासलं" अशीच सांगतात. गॅरेजवाल्यानं बंपरवर बोट फिरवलं आणि पहिला प्रश्न केला, "साहेब, क्लेममध्ये करायचं का कॅशमध्ये?" दोन्हींचे भाव वेगळे. क्लेममध्ये बंपर नवा, कॅशमध्ये तोच बंपर हेअर ड्रायरनं बाहेर. कंपनी देणार असेल तर वस्तू बदलायची, आपण देणार असलो तर दुरुस्त करायची, हे शास्त्र त्यानं कुठल्या कॉलेजात शिकलं देव जाणे.

मी हिशेब मांडला. बंपर प्लॅस्टिकचा. झीरो डेप घेतलेलं नाही, म्हणजे प्लॅस्टिकला 50 टक्के घसारा, निम्मे आपले. शिवाय प्रत्येक क्लेमला पहिले 1000 रुपये आपलेच. उरलं ते कंपनी देणार आणि त्या बदल्यात पुढच्या वर्षी सगळाच्या सगळा बोनस शून्य. गॅरेजवाला सहानुभूतीनं म्हणाला, "एवढ्याशासाठी नका टाकू. अजून दोन-तीन ठिकाणी लागू द्या, मग एकदम बघू." त्याच्या दृष्टीनं आमच्या गाडीचा अपघात अजून पिकला नव्हता.

क्लेम टाकलाच तर काय लिहायचं, हेही त्यानंच सांगितलं. मी लेखक माणूस. फॉर्मवर "अपघात कसा झाला" या शीर्षकाखाली पाऊस, संध्याकाळ, खांबाची जागा आणि सोसायटीच्या समितीचा एकूण कारभार यांवर पानभर मजकूर तयार केला होता. त्यानं तो वाचलासुद्धा नाही. "कुत्रं आडवं आलं, लिहा. सगळे तेच लिहितात." पुण्यातल्या विम्याच्या कागदांवर आजवर जेवढी कुत्री आडवी गेली, तेवढी एकाच दिवशी खरोखर रस्त्यावर उतरली तर कर्वे रस्त्यावर पाय ठेवायला जागा उरणार नाही.

आम्ही कॅशमध्ये केलं. नंतर एका टेम्पोनं आरसा उडवला, तोही कॅशमध्ये. मागून एका स्कूटीनं दिवा फोडला. ती मुलगी रडायला लागली म्हणून तिच्या स्कूटीचेही आम्हीच दिले. वरच्या फळीवरच्या कपबशा जशा पाहुणे आले तरी खाली येत नाहीत, तसा आमचा विमा. हप्ता भरायचा, बोनस वाढवायचा आणि गाडीला काही झालं की खिशातले पैसे काढून विम्याला धक्का लागू द्यायचा नाही.

हे सगळं नानांनी काकांपुढे मांडलं, आणि मग त्यांचा खरा सल बाहेर आला. "चार वर्षं आम्ही पैसे भरतोय. कंपनीनं आमच्यासाठी काय केलं?"

"पण नाना, काही झालंच नाही ना."

"तेच म्हणतोय मी."

"देवाची कृपा समजा."

"देवाचे वेगळे देतो मी. हे यांचं विचारतोय."

काका दमले होते. चहा दोनदा झाला होता. त्यांनी झीरो डेप घातलं, नट-बोल्ट घातले, एनसीबी प्रोटेक्ट नावाचं आणखी एक कलम घातलं, ज्यात ठरावीक क्लेम करूनही बोनस शाबूत राहतो. म्हणजे विम्याचाही विमा. नानांना हे फार आवडलं. त्यांनी सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "समजा, या वर्षी काही झालंच, तर गाडीच्या कुठल्या भागाला झालेलं आपल्याला बरं?"

काकांनी हा प्रश्न हसण्यावारी नेला नाही. त्यांनी छताकडे बघून मनातल्या मनात सगळी गाडी पालथी घातली. "प्लॅस्टिक नको. रबर, टायर, बॅटरी नको. एअरबॅगसुद्धा नको, टॅरिफात तीही टायर-बॅटरीच्या पंगतीला बसवलीय, 50 टक्के." मग त्यांचा चेहरा उजळला. "काच. झीरो डेप असो-नसो, काचेला घसारा नाही."

"पुढची काच चालेल?"

"पुढची तर उत्तम."

परवा सासवडला निघालो होतो. दिवे घाटाच्या चढणीवर पुढे खडीचा डंपर होता, मागची फळी अर्धी निसटलेली, वळणावळणाला खडे खाली सांडत चाललेले. मी ओव्हरटेक करायला इंडिकेटर दिला. शेजारी नानांनी स्वतः होऊन पट्टा ओढला आणि चक्क बकलात घातला. खट् असा आवाजही आला. आत्यानं मागून "दादा, बरं वाटत नाहीये का?" म्हणून विचारलं. नानांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. डंपरवरची नजर न काढता त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"घाई काय आहे?" ते म्हणाले. "राहा की जरा त्याच्या मागे."